पेन्शनचं बिल कोणाच्या नावावर?

14 मार्च 2023 रोजी महाराष्ट्रातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बेमुदत संपावर गेले. दोनच दिवसांनी फ्रान्सच्या सरकारने निवृत्तीचं वय 62 वरून 64 वर नेणारं विधेयक, राज्यघटनेतल्या एका कलमाचा आधार घेऊन, कनिष्ठ सभागृहात मतदान न घेताच रेटलं. 20 मार्चला इकडे संप मागे घेतला गेला, आणि त्याच दिवशी तिकडे सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव अवघ्या 9 मतांनी पडला. एकीकडे तरुण देशातलं एक राज्य, दुसरीकडे म्हातारा होत चाललेला श्रीमंत देश. तरीही रस्त्यावर आलेला प्रश्न एकच होता. माणसं निवृत्तीनंतर पूर्वीपेक्षा जास्त वर्षं जगतात, त्या वर्षांचा खर्च कोणी उचलायचा?

पुढचा संवाद याच प्रश्नावरचा. बोलणारी दोघं काल्पनिक आहेत, पण वाद आपल्याकडच्या अनेक घरांतला आहे. मामा जिल्हा कोषागारातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालेत आणि जुनी पेन्शन घेतात. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेली, त्यामुळे नव्या योजनेतली. ज्यांना जुनी पेन्शन मिळते ते मामा त्या पेन्शनच्या विरोधात आहेत, आणि जिला मिळणार नाही ती भाची त्या पेन्शनच्या बाजूने.

भाची: मामा, तुमचं मला नवल वाटतं. एक तारखेला पेन्शन जमा होते, महागाई वाढते तशी तीही वाढते, आणि आम्ही संपावर गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘राज्य बुडवायला निघाला आहात.’ तुमचं ताट वाढून झालं, आता पंगत उठवा, असंच ना?

मामा: मला मिळते म्हणून ती परवडते असं म्हणू का? अगं, पेन्शनच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं बसलोय. 58 व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस नव्वदी ओलांडतो. नोकरी केली 33 वर्षं, पेन्शन घेतली 34 वर्षं. तो गेल्यावर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन, आणि ती त्याच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. एका नेमणुकीचे पैसे सरकार पाऊणशे वर्षं मोजतं. निवृत्त होताना लोक पेन्शन विकतात, म्हणजे तिचा काही भाग एकरकमी उचलतात, आणि 15 वर्षांनी ती पुन्हा पूर्ण सुरू होते. ती पूर्ववत करून घ्यायला चालत, ठणठणीत येणारी माणसं दरवर्षी वाढताना मी पाहिली. आनंदच आहे. पण या सगळ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला एक रुपया नाही. या वर्षीची पेन्शन या वर्षीच्या महसुलातून द्यायची, पुढच्याची पुढच्या.

भाची: माणसं जास्त जगतात हा काय सरकारचा तोटा झाला?

मामा: तोटा नाही, हिशेब. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरच्या आसपास आहे.

भाची: हा आकडा पेन्शनच्या वादात फसवा आहे, मामा. त्यातली मोठी वाढ लहान मुलं दगावायची थांबली म्हणून झाली. साठीला पोचलेला माणूस तेव्हाही काही वर्षं जगतच होता. विचारायचं ते हे, की साठीनंतर सरासरी किती. आज ते 18 वर्षांच्या आसपास आहे. तुमचा नव्वदीचा पेन्शनर खरा, पण सरासरी नव्हे.

मामा: बरं, 18 धर. पण देणाऱ्यांची बाजू बघ. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं होतात, लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतात. 2011 च्या जनगणनेतच राज्यातली जवळपास 10 टक्के माणसं साठीपुढची होती. देशाचा आकडा तेव्हा 8.6 टक्के होता, 2050 पर्यंत तो 20 च्या वर जाईल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. जपानमध्ये आज 65 च्या पुढचे 29 टक्के आहेत. एका ज्येष्ठामागे कामकरी वयाची जेमतेम दोन माणसं.

भाची: जपानमध्ये सगळ्या नागरिकांची पेन्शन त्या कमावत्यांवर आहे. आपल्याकडे जुनी पेन्शन मूठभर सरकारी नोकरांची. त्याला देश म्हातारा होण्याचं कारण कशाला लावता? आमच्याकडे कमावते कमी झाले ते जन्मदरामुळे नाहीत, भरती बंद ठेवल्यामुळे. पदं रिक्त ठेवायची, कंत्राटी माणसं घ्यायची, आणि मग म्हणायचं, बघा, पगारदारांपेक्षा पेन्शनर वाढले.

मामा: हे मान्य. कंत्राटी कामगार पेन्शनच्या यादीत येत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण पगार, पेन्शन आणि व्याज या तिन्हींत राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा जातो. उरलेल्यात रस्ते, पाणी, दवाखाने, आणि तुझ्या शाळेचं छप्परही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फडणवीसांनी अर्थमंत्री म्हणून 1 लाख 10 हजार कोटींच्या बोजाचा आकडा दिला होता.

भाची: आणि दीड-दोन महिन्यांत विधान परिषदेच्या निवडणुका आल्यावर सूर मवाळ झाला. म्हणून आमचा त्या आकड्यांवर विश्वास बसत नाही. जो आकडा निवडणूक बघून चढतो-उतरतो, तो हिशेब नसतो. आता माझा हिशेब ऐका. समजा, मी निवृत्त होताना माझ्या खात्यात 60 लाख जमले. त्यातले 60 टक्के, म्हणजे 36 लाख, हातात. 40 टक्क्यांची, म्हणजे 24 लाखांची, विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची. साडेसहा टक्के दर धरला तर महिना 13 हजार. माझा शेवटचा मूळ पगार 80 हजार असेल, तर जुन्या पेन्शनमध्ये मला 40 हजार अधिक महागाई वाढ मिळाली असती.

मामा: 36 लाख विसरलीस. तेही गुंतवलेस तर...

भाची: तर मी मेंढरासारखी बाजाराच्या मागे धावायची, वयाच्या सत्तरीत. आणि शिक्षकाच्या घरात एकरकमी आलेले 36 लाख किती दिवस टिकतात ते तुम्ही पाहिलंय. घराचं कर्ज, मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण. उरतात ते 13 हजार, आणि ते वाढत नाहीत. महागाई 6 टक्के राहिली तर 12 वर्षांत त्यांची किंमत निम्मी. तुम्ही म्हणता जास्त जगणं महाग झालंय. मग त्या महागाईचा धोका एकट्या माणसाच्या गळ्यात का? मी किती वर्षं जगणार ते मला माहीत नाही. सरकारला मात्र लाखो कर्मचारी मिळून सरासरी किती जगतील ते बऱ्यापैकी सांगता येतं. ज्याला अंदाज बांधता येतो त्याने धोका घ्यावा की ज्याला येत नाही त्याने?

मामा: हा मुद्दा खरा आहे. मी नव्या पेन्शनची बाजू घेतो ती ती चांगली आहे म्हणून नाही. ती प्रामाणिक आहे म्हणून. तुझा 10 टक्के हिस्सा आणि सरकारचा आता 14 टक्के, हे पैसे आजच्या अंदाजपत्रकात दिसतात. जुनीचं बिल दिसतच नाही. 2005 नंतरच्या भरतीतली, पंचविशीत लागलेली मुलं 2038 च्या आसपास निवृत्त व्हायला लागतील. जुनी पेन्शन परत आणणाऱ्या सरकारचा आज खर्च वाढत नाही, उलट 14 टक्के वाचतात! टाळ्या आज, बिल 2038 ला, तेव्हाच्या सरकारला. 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी हेच मांडलं. सगळी राज्यं परत जुनीवर गेली तर त्यांचा पेन्शनचा खर्च नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकतो, आणि 2060 पर्यंत जादा बोजा देशाच्या उत्पन्नाच्या 0.9 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी परतीची वाट धरली. सप्टेंबर 2024 मध्ये हिमाचलचे पगार 5 तारखेला झाले आणि पेन्शन 10 ला.

भाची: हिमाचलचं खापर जुन्या पेन्शनवर फोडू नका. केंद्राचं महसुली तुटीचं अनुदान घटलं, जीएसटीची भरपाई थांबली, 2023 च्या पावसाने डोंगर खाली आले. जुनी पेन्शन जाहीर होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, आणि तुम्हीच आत्ता म्हणालात की तिचं बिल उशिरा येतं.

मामा: बरोबर पकडलंस. पण ज्या घरात महिनाअखेर आधीच ओढाताण आहे, त्याने वीस वर्षांनंतरचा हप्ता अंगावर घ्यावा का, एवढंच मी विचारतोय.

भाची: मग न्यायाचं काय? एकाच शाळेत, एकच वर्ग घेणारे दोघे. एक ऑक्टोबर 2005 मध्ये रुजू, दुसरा नोव्हेंबरात. एकाला मरेपर्यंत हमी, दुसऱ्याला बाजार. तुम्ही 17 डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा करता तो कशासाठी? 1982 साली त्या दिवशी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही भीक नाही, हक्क आहे, आणि एक तारीख धरून पेन्शनरांत मनमानी भेद करता येणार नाही. हार त्या निकालाला घालायचा आणि आमच्या तारखेबद्दल बोलायचं नाही?

मामा: तो निकाल आधीच पेन्शनच्या नियमात असलेल्या लोकांचा होता. नोकरीत येण्यापूर्वी अटी जाहीर असतील तर गोष्ट वेगळी. तुला नेमणुकीच्या आदेशातच कळलं होतं.

भाची: तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागताना कोण घासाघीस करतं हो? आणि अटी लागू तरी नीट केल्या का? किती शिक्षकांच्या पगारातून कपात झाली, पण खात्याची पावती वर्षानुवर्षं मिळाली नाही. नोकरीत असताना कोणी गेलं तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, हा शासन निर्णय निघायला 31 मार्च 2023 उजाडावा लागला, संपानंतर. ज्यांची जाहिरात नोव्हेंबर 2005 पूर्वीची होती त्यांना जुनीचा पर्याय मिळाला 2024 मध्ये. मागितलं नसतं तर यातलं काय मिळालं असतं?

मामा: काहीच नाही. संपाने ज्या दुरुस्त्या मिळवल्या त्या मला पटतात. मूळ मागणी पटत नाही.

भाची: तुम्हाला पटतो तो साठवणुकीचा मार्ग. पण मामा, पैसे साठवता येतात, पोळ्या साठवता येत नाहीत. 2050 साली मला जे दूध लागेल, जी नर्स लागेल, ते दूध 2050 मध्येच कोणी तरी काढणार आणि ती नर्स 2050 मध्येच ड्युटीवर असणार. पेन्शन सरकारच्या तिजोरीतून येवो की माझ्या फंडातून, तेव्हाचे म्हातारे तेव्हाच्या तरुणांच्या कष्टावरच जगणार. तरुण कमी झाले तर सरकारला कर वाढवावा लागेल. आणि फंड असेल तर? सगळे म्हातारे एकदम युनिट विकायला काढतील, घेणारे तरुण थोडे, भाव पडेल. लोकसंख्येचा फटका दोन्हीकडे बसतोच. फरक एवढाच, की तिथे तो सगळ्यांत वाटला जातो आणि इथे ज्याचा त्याने सोसायचा.

मामा: यात तथ्य आहे, पण पुरं नाही. साठवलेला पैसा कारखान्यात, विजेत, रस्त्यांत गेला, तर उद्याचा एक तरुण आजच्या दोघांचं काम करील. पैसा भारताबाहेरच्या तरुण देशांतही गुंतवता येतो. नुसत्या आश्वासनातून काहीच उभं राहत नाही.

भाची: चिलीने 1981 मध्ये पिनोशेच्या राजवटीत हाच प्रयोग केला. प्रत्येकाचं खातं वेगळं, सांभाळणार खासगी कंपन्या. लष्कर आणि पोलीस मात्र जुन्याच योजनेत! आपल्याकडेही 2004 मध्ये सैन्यदलं नव्या पेन्शनबाहेर ठेवली, त्यांचं काम वेगळं म्हणून ते मी समजू शकते. पण माजी आमदारांना महिना 50 हजारांपासून पुढे पेन्शन, तीही कायमची, ती कुठल्या फंडातून? चिलीत लोकांच्या हातात इतकं थोडं पडलं की 2016 मध्ये प्रचंड मोर्चे निघाले, आणि 2025 मध्ये मालकांकडून हिस्सा घेणारा कायदा करावा लागला. बाजारावर सोडलेली पेन्शन शेवटी सरकारच्याच दारात परत येते.

मामा: आमदारांच्या पेन्शनचं समर्थन मी करणार नाही. रक्कम तिजोरीच्या मानाने लहान असेल, पण तिच्यामुळे बाकीच्यांना त्याग शिकवायचा अधिकार जातो. मला चिली नको, स्वीडन हवं. तिथे 1990 च्या दशकात सगळ्या प्रमुख पक्षांनी बसून योजना बदलली. हमी आहे, पण सरासरी आयुर्मान वाढलं की मासिक रक्कम आपोआप थोडी कमी बसते, आणि पेन्शनचा ताळेबंद बिघडला की वाढ रोखली जाते. 2010 मध्ये पेन्शन खरोखर कमी झाली. सरकारने करात सूट देऊन चटका हलका केला, पण नियम मोडला नाही. फ्रान्समध्ये उलटं झालं. मतदान टाळून 2023 ला वय वाढवलं, आणि 2025 च्या अखेरीस तीच सुधारणा 2027 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरपर्यंत स्थगित करावी लागली. लोकांना बरोबर न घेता केलेली काटकसर टिकत नाही.

भाची: मग आपल्याकडे वय 58 चं 60 करा म्हणणार का?

मामा: करावं. केंद्रात 60 आहेच.

भाची: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं परीक्षा देत बसलेल्या मुलाला जाऊन सांगा, जागा आणखी दोन वर्षं निघणार नाही. आणि साठीचा शिक्षक वर्ग घेऊ शकतो. साठीचा लाइनमन खांबावर चढेल? सफाई कामगाराचं शरीर पन्नाशीतच थकलेलं असतं. तुमचं ‘सरासरी आयुर्मान’ त्याला लागू नाही. गरीब लवकर मरतो आणि सुखवस्तू उशिरा. वय सरसकट वाढवलं तर लवकर मरणाऱ्याच्या वर्षांवर उशिरा मरणाऱ्याची पेन्शन चालते.

मामा: कामानुसार वय ठेवता येईल. बरं, मधला रस्ता का नको? ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन जाहीर केली, आणि लगेच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती उचलली. 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, महागाईप्रमाणे वाढ, पतीपत्नीपैकी मागे राहील त्याला 60 टक्के. कर्मचाऱ्याचा हिस्सा 10 टक्केच, केंद्राचा साडेअठरा. हमी तुझी, साठवणूक माझी.

भाची: कागदावर ती मला बरी वाटते. तरी केंद्राच्या सुमारे 23 लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती घेतली, मुदत वाढवत न्यावी लागली. कारण साधं आहे. वीस वर्षांत नियम पुन्हा पुन्हा बदलले. आणखी एकदा बदलणार नाहीत कशावरून?

मामा: जुन्या पेन्शनवर तरी ती खात्री कुठे आहे? कोविडमध्ये केंद्राने 18 महिने महागाई वाढ गोठवली, आणि ती थकबाकी दिलीच नाही. जुन्या पेन्शनरांचीही. सरकारचं वचन तिजोरीपेक्षा मोठं नसतं.

भाची: मग आता खरं विचारते. तिजोरी आटली तर तुमच्या पेन्शनमधून किती सोडाल? आजवरच्या सगळ्या सुधारणांची किंमत फक्त आमच्याकडून वसूल झाली. आधीच्यांना हात लावायचा नाही, नंतरच्यांनी सोसायचं.

मामा: विचारलंस ते बरं केलंस. सोडायला मी तयार आहे, पण नियमाने. एका ठरावीक रकमेच्या वरच्या पेन्शनवर, राज्याचा महसूल ज्या वर्षी वाढणार नाही त्या वर्षी, महागाई वाढ निम्मी द्या. लहान पेन्शनला हात लावू नका. वय झालेल्या विधवेला तर मुळीच नाही. आता तू सांग, तू काय सोडशील?

भाची: ‘जुनी जशीच्या तशी’ हा हट्ट सोडीन. हिस्सा 10 ऐवजी 12 टक्के भरीन. वय कामाप्रमाणे ठरणार असेल तर 60 पर्यंत शिकवीन. बदल्यात निम्म्या पगाराची हमी आणि महागाई वाढ कायद्यात हवी, शासन निर्णयात नाही. आणि आमदारांनी त्याच योजनेत यायचं.

मामा: यावर सौदा होऊ शकतो. पण एक सांग, या सौद्याच्या टेबलावर आपण दोघंच का? राज्यातले बहुतेक कष्टकरी असंघटित. शेतमजूर बाई पासष्टीला पोचली की तिला श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500. केंद्राचा त्यातला वाटा 80 वर्षांपर्यंत 200 रुपये, गेली कित्येक वर्षं तेवढाच. कारखान्यातून निवृत्त झालेल्या, ईपीएस-95 या पेन्शन योजनेतल्या माणसाला किमान 1,000 रुपये, 2014 पासून बदललेले नाहीत. तुझे 13 हजार थोडे आहेत, पण त्या शेतमजूर बाईला ते स्वप्नातही दिसत नाहीत. देश म्हातारा होईल तेव्हा मोठा प्रश्न तिचा असणार आहे. संपात तिच्यासाठी एक घोषणा ऐकली नाही मी.

भाची: तुमच्या पेन्शनर संघटनेच्या निवेदनातही मला ती कधी दिसली नाही. आणि तिचं नाव पुढे करून आमचं कमी करायचं हा जुना डाव आहे. आमचे वाचलेले पैसे तिच्यापर्यंत पोचले असते तर मी आधी गप्प बसले असते.

मामा: तेही खरं. वाचलेला पैसा वाटेतच दुसऱ्या कुठल्या तरी योजनेला जातो, मतांच्या हिशेबाने. म्हणून म्हणतो, कायद्यात एकाच तक्त्यात तिघांना बांधा: मी, तू आणि ती. आमची वाढ झाली की तिचीही त्याच टक्क्याने झाली पाहिजे.

भाची: त्याच टक्क्याने नाही. 1,500 चे 10 टक्के आणि 50 हजारांचे 10 टक्के सारखे नसतात. आधी तिला जगता येईल एवढी तळाची रक्कम ठरवा, त्यावर आपली भांडणं.

मामा: म्हणजे आपल्या दोघांनाही आणखी थोडं सोडावं लागेल.

भाची: तुम्हाला आधी. तुमचं चालू आहे, माझं अजून सुरू व्हायचंय.

मामा: कबूल. 2038 च्या आधी विधानसभेच्या दोन निवडणुका होतील. पेन्शन देणार का, असं कोणी विचारलं तर सगळे उमेदवार हो म्हणतील. तू त्यांना विचार, कुठल्या लेखाशीर्षातून देणार.

भाची: दोन्ही विचारीन. आणि श्रावणबाळचे किती करणार, हे तुम्ही विचारायचं, तुमच्या संघटनेच्या लेटरहेडवर.